पटावरील तुल्यबळ जोड

तालमीतील वस्ताद आपल्या पठ्ठ्याला खुराक देतो, त्याच्याकडून जोर-बैठका काढून घेतो, हौद्यात उतरवून डावपेच शिकवतो. परंतु एक गोष्ट मात्र त्याला आपल्या पदरची देता येत नाही. ती गोष्ट म्हणजे पठ्ठ्याच्या तोलाची जोड. जोड बाहेरून यावी लागते, आणि ती आली नाही तर चांगला मल्लही वर्षा-दोन वर्षांत आपल्या बळाविषयी भलत्याच भ्रमात वावरू लागतो. बुद्धिबळाच्या पटावर धूळ उडत नाही की अंगाला माती लागत नाही, तरी या बाबतीत तालीम आणि पट यांत तिळमात्र भेद नाही. बुद्धिबळातील अजिंक्यपदाच्या लढतींचा इतिहास पाहिला तर एक बोध वारंवार पदरी पडतो: खेळाडूला त्याचा प्रतिस्पर्धी जेवढे शिकवतो तेवढे पुस्तक शिकवत नाही आणि पुष्कळदा गुरूही शिकवू शकत नाही. या बोधाची उत्तम उदाहरणे शोधावयास फार दूर जाण्याचेही कारण नाही. ती महाराष्ट्रातच, किंबहुना मुंबईतील एका घरातच सापडतात.

प्रथम थोडी पूर्वपीठिका पाहू. बुद्धिबळ हा खेळ आपल्या देशातला, हे अभिमानाने सांगितले जाते. तथापि फार काळपर्यंत आपण तो आपसांतच आणि आपल्याच नियमांनी खेळत राहिलो. देशी पद्धतीत प्याद्याला आरंभीसुद्धा एकच घर पुढे सरकता येई. विलायती पद्धतीचा किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह लागण्यापूर्वी, एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. साध्या मातेपेक्षा प्याद्याने केलेली मात अधिक मानाची गणली जाई. या नियमांतही प्रांतोप्रांती फरक असे. त्यामुळे एका प्रांतातील निष्णात खेळाडू दुसऱ्या प्रांतात गेला की आधी नियमांचीच वाटाघाट करावी लागे. देशातील बुद्धी काही कमी नव्हती. कमतरता होती ती जोडीची. पंजाबातील मीर सुलतानखान यांचे उदाहरण या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. देशी पद्धतीवर वाढलेला हा खेळाडू १९२९ साली विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. पुढे १९३२ व १९३३ साली त्याने ते पुन्हा मिळवले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज येथील स्पर्धेत तर माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले. तोलाची जोड मिळताच झाकलेले बळ कसे उघडे होते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला आणि १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिल्याच वेळी अजिंक्यपद एका माथ्यावर ठरले नाही. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे संयुक्त विजेते ठरले. स्त्रियांना मात्र स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धेसाठी आणखी एकोणीस वर्षे थांबावे लागले. ती स्पर्धा १९७४ साली सुरू झाली, आणि येथूनच खाडिलकर भगिनींची हकिकत आरंभ पावते.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ पत्र काढले, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. त्यांचे नातू आणि त्याच पत्राचे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या घरी वासंती, जयश्री आणि रोहिणी या तीन मुली पटाशी बसत. पहिले राष्ट्रीय महिला अजिंक्यपद १९७४ साली वासंतीने मिळवले. जयश्रीने ते चार वेळा जिंकले. रोहिणी १९७६ साली वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी विजेती झाली आणि तिने ते पाच वेळा आपल्याकडे आणले. १९७४ ते १९८३ या काळात ही दहा अजिंक्यपदे एकाच घरात आली. जयश्री १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, रोहिणीला तो किताब १९८१ साली मिळाला. त्याच वर्षी हैदराबाद येथील आशियाई महिला स्पर्धेत रोहिणीने बारांपैकी साडेअकरा गुण मिळवून अजिंक्यपद पटकावले, आणि १९८३ साली क्वालालंपूर येथे ते पुन्हा जिंकले.

घरात तीन ढाली-करंडक आले की शेजारीपाजारी कौतुक करतात आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु बुद्धिबळाच्या दृष्टीने येथे एक विचारणीय मुद्दा आहे. अजिंक्यपद एकच असते. ते एकीला मिळाले म्हणजे दुसरीचे गेले. ज्या बहिणीच्या ताटाशी ताट लावून जेवायचे, तिच्याच राजाला दुसऱ्या दिवशी कोंडीत धरायचे, हा प्रसंग वाटतो तितका सोपा नाही. अशा वेळी दोन चुका संभवतात. एक, मायेपोटी हात आखडता घेणे. दुसरी, हरल्यावर मनात अढी धरणे. पहिल्या चुकीने खेळ बिघडतो, दुसरीने घर बिघडते. या दोहोंतून निभावून ज्या घरी चुरस टिकते, त्या घरातील प्रत्येक खेळाडूला एक दुर्मीळ लाभ होतो. एकीला सापडलेली नवी चाल दुसरीपासून फार दिवस लपून राहत नाही. एकीची खोड दुसरीला ठाऊक असते, आणि म्हणून ती खोड मोडल्यावाचून पहिलीला गत्यंतर उरत नाही. घरातला पराभव असा घरातच ज्ञानरूपाने शिल्लक राहतो.

पण याच लाभाला एक मर्यादाही आहे. रोजचा प्रतिस्पर्धी अतिपरिचयाचा होतो. विहीर कितीही खोल असली तरी तिला समुद्राचे वारे लागत नाही. अधिक बलवान जोड हवी असेल तर उंबरठा ओलांडावाच लागतो. १९७६ साली रोहिणीने नेमके तेच केले. ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. असे करणारी ती पहिलीच भारतीय स्त्री. तेरा वर्षांच्या मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत बसावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनीही निर्णय दिला की, राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरवले.

या प्रसंगात खरोखर पणाला काय लागले होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रश्न केवळ एका खुर्चीचा नव्हता. स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धा होतीच, आणि तीत रोहिणीला विजय मिळतही होता. म्हणजे तिला सन्मान नाकारला जात नव्हता. नाकारली जात होती ती अधिक कठीण जोड. आणि ज्याला कठीण जोड नाकारली त्याला शिक्षणच नाकारले, हे त्या वादाचे मर्म होय. ज्या डॉ. युवे यांच्याकडे हा प्रश्न गेला, त्यांना हे मर्म कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांचे स्वतःचे आयुष्यच या तत्त्वाचा दाखला होते. त्यासाठी थोडे मागे, १९२७ सालाकडे वळले पाहिजे.

त्या वर्षी दक्षिण अमेरिकेतील ब्युनोस आयर्स नगरीत क्यूबाचा जगज्जेता कापाब्लांका आणि रशियात जन्मलेला आव्हानवीर अलेखिन यांची लढत झाली. कापाब्लांका हा उपजत प्रतिभेचा खेळाडू. त्याची चाल पाण्यासारखी सहज वाहत असे, आणि तो हरू शकतो यावर लोकांचा विश्वासच बसत नसे. अलेखिनने तोवर त्याच्याविरुद्ध एकही डाव जिंकलेला नव्हता. परंतु अलेखिन रडत बसला नाही, की दैवाला बोल लावत बसला नाही. त्याने प्रतिस्पर्ध्याचे डाव एकामागून एक पटावर मांडले आणि त्या निर्दोष भासणाऱ्या खेळातील बारीक फटी हुडकून काढल्या. लढत चौतीस डावांची झाली. त्यांपैकी पंचवीस बरोबरीत सुटले, तीन कापाब्लांकाने जिंकले आणि सहा अलेखिनने. भक्ताच्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याचे गुण तेवढे दिसतात, द्वेषाने पाहणाऱ्याला दोष तेवढे. विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पाहणारालाच दोन्ही दिसतात. अलेखिन त्या वेळी खरा विद्यार्थी झाला होता.

पुढची हकिकत मात्र खेदाची आहे. कापाब्लांका पुन्हा लढत मागत राहिला. अलेखिनने ती दिली नाही. आव्हानवीराने दहा हजार डॉलरची रक्कम उभी करावी, हा नियम कापाब्लांकाच्याच काळात १९२२ साली ठरला होता. आता तोच नियम त्याच्या आड आला. वाटाघाटी चालत, फिसकटत, आणि दोघांतील वैर वाढत जाई. अलेखिन १९२९ व १९३४ साली बोगोल्जुबॉव्ह या खेळाडूशी अजिंक्यपदासाठी लढला आणि दोन्ही वेळा जिंकला. परंतु जी जोड त्याला खरोखर घासूनपुसून लखलखीत ठेवू शकली असती, ती त्याने टाळली. जगाचेही एका अपूर्व लढतीपासून कायमचे नुकसान झाले. १९४२ साली कापाब्लांका निवर्तला, १९४६ साली अलेखिन, आणि तो हिशोब अपुराच राहिला.

या दोघांच्या मध्ये १९३५ साली उभे राहिले ते मॅक्स युवे. हे गृहस्थ हॉलंडमधले, व्यवसायाने गणिताचे शिक्षक. ॲमस्टरडॅम येथे मुलींच्या शाळेत ते गणित शिकवीत. केवळ बुद्धिबळावर उपजीविका करणाऱ्यांच्या मेळ्यात हा शाळामास्तर कोठे टिकणार, असे पुष्कळांना वाटले. सातव्या डावाअखेर युवे तीन गुणांनी मागे होते. पण त्यांचा अभ्यास शिस्तीचा होता आणि वृत्ती शांत होती. तीस डावांअखेर नऊ विजय, आठ पराजय आणि तेरा बरोबऱ्या अशा हिशोबाने ते अवघ्या एका गुणाच्या अंतराने जगज्जेते झाले. यानंतर त्यांनी जे केले त्याला अधिक मोल आहे. अलेखिनने कापाब्लांकाला जे नाकारले, ते युवे यांनी अलेखिनला दिले: परतीची लढत. मद्यापासून दूर राहून आणि कसून तयारी करून अलेखिन १९३७ साली परत आला. त्याने दहा डाव जिंकले, चार हरला आणि मुकुट परत नेला. युवे यांचे जगज्जेतेपद जेमतेम दोन वर्षे टिकले. परंतु लढत टाळून ते दहा वर्षे टिकवण्यापेक्षा लढत देऊन गमावणे त्यांनी पत्करले. १९७० ते १९७८ पर्यंत जागतिक महासंघाचे अध्यक्षपद याच मुलींच्या शाळेतील मास्तरांकडे होते. मुंबईच्या तेरा वर्षांच्या मुलीला बलवान जोड मिळावी की नाही, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी दिलेला निर्णय त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच होता.

यानंतरच्या जागतिक इतिहासातून दोनच दाखले पुरे. रशियाचे बोत्विनिक १९५७ साली स्मिस्लॉव्हकडून हरले आणि १९५८ साली त्यांनी पद परत मिळवले. १९६० साली तरुण ताल याच्याकडून हरले आणि १९६१ साली पुन्हा जिंकले. दोन्ही वेळा मधले वर्ष त्यांनी सबबी शोधण्यात दवडले नाही. ते आपल्या चुकांची छाननी करण्यात घालवले. खेळाडूने आपल्या डावांवरील विवेचन प्रसिद्ध करावे, म्हणजे इतरांची टीका त्याला लाभते, असा त्यांचा आग्रह असे. दुसरा दाखला कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा. १९८४ च्या सप्टेंबरात मॉस्को येथे आरंभलेल्या लढतीत सहा डाव प्रथम जिंकणारा विजयी ठरणार होता. सत्ताविसाव्या डावाअखेर कार्पोव्हचे पाच विजय झाले, कास्पारोव्हचा एकही नाही. आणखी एकच धक्का, आणि सर्व संपणार! परंतु कास्पारोव्हने चिकाटीने डावामागून डाव बरोबरीत सोडवले आणि तसे करता करता प्रतिस्पर्ध्याची संयमाची विद्याच हस्तगत केली. अठ्ठेचाळीस डावांनंतर, १९८५ च्या फेब्रुवारीत लढत निकालाविना थांबवण्यात आली, तेव्हा पाचाला तीन अशी स्थिती होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नव्या लढतीत कास्पारोव्ह जगज्जेता झाला. १९९० पर्यंतच्या पाच लढतींत हे दोघे एकशे चव्वेचाळीस डाव खेळले. कास्पारोव्हचे विजय एकवीस, कार्पोव्हचे एकोणीस, बाकी सर्व बरोबरी. इतक्या झुंजींनंतर तराजूचा काटा दोनच डावांनी कलावा, यातच दोघांनी एकमेकांना किती घडवले ते दिसून येते.

आता पुन्हा घरी येऊ. खाडिलकर भगिनींनंतर महाराष्ट्रात महिला बुद्धिबळाचा ओघ आटला नाही, याचे श्रेयही चुरशीलाच दिले पाहिजे. सांगलीचे भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या; त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत भाग्यश्री साठे यांचे नाव ठळक आहे. त्या पुढे प्रवीण ठिपसे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. दुसऱ्या बाजूस अनुपमा अभ्यंकर. त्या बुद्धिबळाचे नामांकित प्रशिक्षक रघुनंदन गोखले यांच्या पत्नी झाल्या. १९८५ ते १९९७ या काळात भाग्यश्रींनी राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा मिळवले, आणि अनुपमांनीही पाचच वेळा! अनुपमांनी आशियाई अजिंक्यपद १९८५ व १९८७ साली जिंकले, भाग्यश्रींनी १९९१ साली. पद्मश्री अनुपमांना १९८६ साली मिळाली, भाग्यश्रींना १९८७ साली. दोन नावे अशी जवळजवळ पावलाला पाऊल लावून चालताना दिसली म्हणजे एकीच्या यशात दुसरीचा वाटा किती, हा प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही. एकटी असती तर कोणतीही एक कदाचित दहा वेळा राष्ट्रीय विजेती झाली असती. परंतु तिच्या खेळाला आशियात मान मिळवण्याइतकी धार चढली असती काय, याविषयी शंकाच आहे.

या परंपरेचे सर्वांत ताजे पान २०२५ सालच्या जुलैत लिहिले गेले. जॉर्जियातील बाटुमी नगरात महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, आणि पटाच्या दोन्ही बाजूंस भारतीय खेळाडू बसल्या. एका बाजूस आंध्र प्रदेशाच्या कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूस नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाल्या, त्या वेळी दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. जलद डावांचे जगज्जेतेपद हंपींनी २०१९ आणि २०२४ अशा दोन वेळा मिळवलेले. दिव्याला स्पर्धेत पंधरावे मानांकन होते. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही निकष तिने तोवर पुरा केलेला नव्हता. तिने वाटेत चीनच्या झू जिनर, भारताच्याच हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना मागे सारले होते.

अंतिम सामन्यातील पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. तारीख २८ रोजी जलद डावांनी निकाल लावायचे ठरले. त्यांतील पहिला पुन्हा बरोबरीत! दुसऱ्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या तगाद्यात अनुभवी हंपींच्या हातून चुका झाल्या, दिव्याने धीर न सोडता डाव रेटला आणि जिंकला. गुण अडीच विरुद्ध दीड. या विजयाने ती विश्वचषकाची मानकरी झाली आणि त्याच क्षणी भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर ठरली. भारतीय स्त्रियांत हा मान मिळवणारी ती चौथी. चौघींपैकी पहिली हंपी, हे विसरता कामा नये. ज्या वाटेने दिव्या शिखरावर पोचली ती वाट प्रथम ज्यांनी पाडली, त्यांनाच हरवून ती पोचली. यात अनादर काही नाही. शिष्याकडून पराभव इच्छावा, अशी आपली जुनी शिकवणच आहे.

या सर्व हकिकतींतून पटाशी बसणाऱ्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपल्याहून बलवान जोड शोधावी. दुबळ्यावरील दहा विजयांपेक्षा बलवानाकडून झालेला एक पराभव अधिक शिकवतो. दुसरी, प्रतिस्पर्ध्याचे डाव विद्यार्थ्याच्या वृत्तीने मांडावेत आणि आपले त्याहून कठोरपणे. तिसरी, पाच डाव हरल्यावरही सहावा बरोबरीत सोडवण्याची जिद्द ठेवावी. चौथी, जिंकल्यावर परतीची लढत नाकारू नये. जो नाकारतो तो आपली शाळा स्वतःच बंद करतो. आणि पाचवी, डाव संपल्यावर हात मिळवून पट पुन्हा मांडावा आणि दोघांनी मिळून चूक कोठे झाली ते पाहावे. ही चांगली रीत उत्तम खेळाडूंत आजही पाळली जाते, आणि तीत वैर विरून जाते.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी धरावी. कोपर-डोंबिवलीच्या कोणत्याही घरात रविवारी संध्याकाळी मूल पट काखेत मारून स्पर्धेहून परत येते, तेव्हा दारातच पहिला प्रश्न येतो, “जिंकलास का?” हरलेले मूल या प्रश्नाने पुढच्या वेळी सोपा प्रतिस्पर्धी मिळावा अशी मनातल्या मनात प्रार्थना करू लागते. त्याऐवजी “आज कोणाशी खेळलीस, आणि त्याने काय दाखवले?” असे विचारावे, पट भुईवर मांडावा आणि तो हरलेला डाव मुलाला पहिल्या चालीपासून दाखवू द्यावा. जेवायला थोडा उशीर झाला तरी चालेल.